काय दिलंय ते आधी सांगा

आमच्या घरी बटाटे भाजीला कमी आणि बाबांच्या डोळ्यांवर जास्त लागत. बाबा धारला ग्रिल-फाटकांच्या दुकानात वेल्डिंग करायचे. दिवसभर काही वाटायचं नाही. दिवेलागण झाली की डोळ्यांत वाळू ओतल्यासारखी आग सुरू व्हायची. मग आई कच्च्या बटाट्याच्या चकत्या कापून त्यांच्या मिटल्या पापण्यांवर ठेवायची आणि ते भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. त्यांना उजेड सोसायचा नाही म्हणून घरात दिवा लावायचा नाही, आणि आम्ही बाहेर ओट्यावर जेवायचो. सकाळी बरं वाटलं की बाबा पुन्हा दुकानात. गल्लीतले सगळे वेल्डर असेच जगत होते. कामाचा भाग आहे म्हणायचे.

आमचे पूर्वज मराठ्यांच्या दरबाराबरोबर दक्षिणेतून माळव्यात आलेले लोहार. घोड्यांना नाल ठोकणारे. दरबार गेला, घोडे गेले, आमच्या हातात फाटकं आणि खिडक्यांच्या जाळ्या राहिल्या. आमच्यात कोणी कॉलेजात गेलं नव्हतं. जायला हवं असं कोणाला वाटतही नव्हतं. मी अकरावीला सायन्स घेतलं तेव्हा आईनं विचारलं होतं, त्यानं काय होतं?

मग बाबांना धूसर दिसायला लागलं. इंदूरच्या डॉक्टरनं सांगितलं की बुबुळावर थर आलाय, वेल्डिंग बंद. त्याच दुकानात बाबा फाटकांना रंग मारू लागले. वेल्डरची मजुरी वेगळी, रंगवाल्याची वेगळी. आई मुलींच्या हॉस्टेलात पोळ्या लाटायला जाऊ लागली. मला देवासला आत्याकडे पाठवलं. आत्या टिफिन करायची, तिला हाताखाली माणूस हवं होतं आणि मला कॉलेज. दोन्ही जमलं. मला त्यात कमीपणा तेव्हा वाटला नाही, आजही वाटत नाही.

सर मला टिफिनमुळेच भेटले.

ते गावातल्या टेकडीच्या बाजूला एका जुन्या गल्लीत एकटे राहत. काकू वारलेल्या, मुलगी परदेशात. आयुष्यभर कॉलेजात फिजिक्स शिकवून रिटायर झालेले. आत्यानं मला पहिल्या दिवशी डबा देताना बजावलं होतं, "ते सर म्हणजे अलगच नमुना आहेत हो. दारातून पळून येऊ नकोस. डबा उघडेपर्यंत थांबायचं."

थांबले. सरांनी डबा टेबलावर ठेवला आणि एकेक खण उघडून नीट पाहिला. भाजी कोरडी होती, आमटी होती, पोळ्या होत्या. हे सगळं पाहून झाल्यावर ते स्वयंपाकघरात गेले आणि एक ताट आणि एकच वाटी घेऊन आले. मी म्हणाले, सर, ताट-वाटी मी आधीच काढून ठेवत जाईन, तुमचा फेरा वाचेल. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काहीतरी अशुभ बोलले.

"आत काय दिलंय हे कळायच्या आधी वाटी काढणार आपण? आणि आत झुणका निघाला तर?"

मला हसू आलं. त्यांना आलं नाही. त्यांच्या चेहऱ्यावर हसू फार क्वचित यायचं, आणि आलंच तर स्वतः केलेल्या विनोदाला कधीच नाही.

बोलायची त्यांची तऱ्हाही न्यारी. एकोणीस-वीस वर्षांच्या पोरींनाही ते 'अहो, आपण' म्हणत. त्यांच्या घराण्यात पूर्वी दरबारी रिवाज होता म्हणे. मराठी बोलायचे ती माझ्या आजीच्याही आधीची, 'तीर्थरूप', 'मातोश्री' वगैरे शब्द सहज यायचे. रागवायचे मात्र हिंदीत. भाजीवाल्याशी माळवीत. एकदा मी विचारलं, मराठीत का नाही रागवत? म्हणाले, मराठीत रागावलो तर मातोश्री आठवतात आणि राग उतरतो.

संध्याकाळी त्यांच्याकडे मुलं शिकायला यायची. दाराशी एक पितळी डबा ठेवलेला असे. आत येणाऱ्यानं पेन त्या डब्यात टाकायचं आणि मग बसायचं. शिकवणीला जाऊन पेन बाहेर ठेवायचं, हे देवासमध्ये दुसरीकडे कुठे नव्हतं. कोणीतरी पुस्तकातला प्रश्न मोठ्यानं वाचायचा. पुस्तकं हिंदी, म्हणून प्रश्न हिंदीत. मग तोच प्रश्न पुस्तक मिटून घरच्या भाषेत सांगायचा. मराठी घरातल्यांनी मराठीत, माळवी घरातल्यांनी माळवीत. एक मुलगा सिंधी होता, तो सिंधीत सांगायचा. सरांना त्यातलं अक्षर कळत नसे, तरी डोळे मिटून पूर्ण ऐकायचे आणि म्हणायचे, आपण अडखळला नाहीत, म्हणजे समजलंय. प्रश्न घरच्या भाषेत सांगून झाला की सर विचारायचे, "क्या दिया है?" काय दिलंय, काय विचारलंय, हे सांगितल्यावरच डब्यातून पेन मिळायचं.

त्यावरून गावभर त्यांचं नाव 'क्यादिया सर' पडलं होतं. पोरं चौकात एकमेकांना टोमणे मारायची, "भिया, शादी का कार्ड आया है, पेले बता क्या दिया है." सरांच्या कानावर हे होतं. ते म्हणायचे, बरोबरच विचारतात.

प्रश्न पुरता वाचायच्या आत कोणी फॉर्म्युला बोलून टाकला तर सर काही बोलत नसत. उठायचे, चपला घालायचे आणि घराबाहेर पडायचे. मुलं बसून राहायची. सर कधी टेकडीच्या पायऱ्यांपर्यंत जाऊन यायचे, कधी मेथीची जुडी घेऊन यायचे. परत आले की जिथं सोडलं होतं तिथून, "हं, काय दिलंय?" एकदा नव्या मुलानं ओळीनं सगळ्यांच्या आधी उत्तरं द्यायचा सपाटा लावला, त्या संध्याकाळी सरांकडे मेथी, पालक आणि कोथिंबीर झाली. दुसऱ्या दिवशी आत्याला निरोप आला की भाजी घरात पुष्कळ आहे, फक्त पोळ्या द्या.

मी त्यांच्या शिकवणीत नव्हते. डबा द्यायचा, धुतलेला डबा घ्यायचा, निघायचं. शिकवणी मला लागणार नाही अशी माझी समजूत होती. मी पाठांतरात पक्की होते. सगळे फॉर्म्युले मला तोंडपाठ होते आणि मला त्याचा गर्व होता.

बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी फिजिक्समध्ये नापास झाले. सप्लीमेंट्री आली, म्हणजे काही आठवड्यांनी त्या एका पेपरला पुन्हा बसायचं. त्यातही राहिले तर डिग्री गेली.

आत्यानं मला न विचारता सरांना सांगून टाकलं. संध्याकाळी डबा घेऊन गेले तर सर म्हणाले, बसा. पेपरात काय चुकलं ते आठवतं का? आठवत होतं. मला मान वर करवत नव्हती, पण प्रश्न सांगितला. एका प्रकाशाचं तरंगदैर्ध्य, म्हणजे वेव्हलेंथ, पाचशे नॅनोमीटर आहे, त्याच्या एका फोटॉनची ऊर्जा काढा. फोटॉन म्हणजे प्रकाशाचा एकेक कण. मी लिहिलं होतं, ई बराबर एच न्यू, आणि न्यूच्या जागी पाचशे टाकून गुणाकार केला होता. गुणाकार बरोबर होता.

"मराठीत सांगा."

"एका लाइटची वेव्हलेंथ पाचशे आहे..."

"पाचशे काय? आंबे?"

"नॅनोमीटर."

"म्हणजे काय झालं? लांबी झाली. दोन लाटांमधलं अंतर. आणि न्यू म्हणजे?"

"फ्रिक्वेन्सी. एका सेकंदात किती लाटा."

"मग अंतर उचलून आपण सेकंदाच्या घरात का ठेवलंत?"

मी म्हणाले, फोटॉनची ऊर्जा म्हटलं की एच न्यूच आठवतं. मला वाटलं आता चपला घालणार. पण ते उठले नाहीत. म्हणाले की आपण काढलेल्या उत्तरात इतकी कमी ऊर्जा आहे की असे कण डोळ्यावर रात्रंदिवस पडले तरी डोळ्याला पत्ता लागणार नाही. आणि प्रश्नातला उजेड तर हिरवा आहे, झाडाच्या पानासारखा, चांगला दिसतो. उत्तर लिहिल्यावर एवढं तरी मनात यायला हवं होतं.

मग त्यांनी देवासची गोष्ट सांगितली. देवास गाव एक, पण राज्यं दोन होती, थोरली पाती आणि धाकटी पाती. दोघांच्या कचेऱ्या वेगळ्या. सरांचे आजोबा धाकट्या पातीत कारकून. कोणी फिर्याद घेऊन आला की आजोबा त्याची तक्रार ऐकायच्या आधी विचारत, राहता कुठं? थोरल्या पातीच्या वस्तीतला निघाला तर त्याला पलीकडे पाठवत. न्याय दोन्हीकडे सारखाच मिळायचा, पण चुकीच्या दारात उभा राहिला त्याचा दिवस फुकट.

"फ्रिक्वेन्सी दिली असेल तर एच न्यू. वेव्हलेंथ दिली असेल तर एच सी भागिले लॅम्डा, लॅम्डा म्हणजे तीच लांबी. ऊर्जा एकच. दार कुठलं, ते आपल्या हातात काय दिलंय त्यावर. आपल्याला काय पाठ आहे त्यावर नाही."

दुसऱ्या दिवसापासून मीही पितळी डब्यात पेन टाकू लागले.

आठवड्याभरात बाबा आले. न कळवता आले, फोनही केला नाही. आत्याला म्हणाले, पोरीला घेऊन जातो. धारला कपड्याच्या मोठ्या दुकानात काउंटरवर मुलगी हवी होती आणि बाबांनी शेठला शब्द दिला होता. माझ्यावर ते रागावले नव्हते. रागावले असते तर बरं झालं असतं. ते फक्त म्हणाले, बेटा, झालं तेवढं झालं, आपल्यात एवढंही कोणी केलं नाही.

दिलेला शब्द बाबा मोडत नाहीत, हे मला जन्मापासून माहीत होतं. मी कपडे भरायला घेतले. आत्या मोठी हुशार. म्हणाली, जायचं तर जा, पण सरांचा डबा पोचवून जा, आणि दादा, तूही जा सोबत, आठवडाभर त्यांनी पोरीला शिकवलं, रामराम तरी करून ये.

सरांनी बाबांना स्वतःच्या खुर्चीवर बसवलं आणि आपण स्टुलावर बसले. बाबा अवघडून खुर्चीच्या टोकाशी. सरांनी विचारलं, आपण काय करता?

"पहले वेल्डिंग करत होतो. आता रंग मारतो. डोळे गेले ना."

सरांनी माझी गोष्ट काढलीच नाही. डोळ्यांचंच विचारत बसले. आग कधी लागायची, काम करताना की नंतर? किती तासांनी? काच कसली वापरायचात? बाबांना असं कोणी कधी विचारलं नव्हतं. डॉक्टरनंही नाही. हळूहळू ते मोकळे झाले. सांगू लागले की काच वगैरे दुकानात होती एक, ती फुटली. मग त्यांनी मेळ्यातून गॉगल आणला, होता त्यातला सगळ्यात काळा. चकाचौंध अगदी बंद झाली. मोठ्या अक्कलहुशारीनं घेतला होता. जळण्याचा त्रास उजेडामुळे होतो, तर जितका काळा गॉगल तितका बरा, असं सगळ्या गल्लीचं मत. "तरी भी शामको आग लागायचीच. म्हटलं, आपलेच डोळे कमजोर."

सर ऐकत राहिले. मग माझ्याकडे वळले.

"वेल्डिंगच्या लखलखाटातून अल्ट्राव्हायलेट निघतं. अडीचशे नॅनोमीटर धरा. एका फोटॉनची ऊर्जा. मराठीत सांगा, म्हणजे यांनाही कळेल."

बाबांसमोर मी कधी अभ्यासाचं बोलले नव्हते. सांगितलं. काय दिलंय? वेव्हलेंथ. मग दार कुठलं? एच सी भागिले लॅम्डा. आकडेमोड मी तिथंच केली आणि उत्तर पाहून थांबले. पाचशेच्या हिरव्या उजेडाचं उत्तर मला आता पाठ झालं होतं. हे त्याच्या बरोब्बर दुप्पट होतं. लांबी निम्मी झाली होती, जोर दुप्पट झाला होता.

सरांनी ते बाबांना समजावलं. एका संथ लयीत, एकही आकडा न उच्चारता. उजेड दाण्यादाण्यानं येतो. जो दाणा दिसतो तो हलका. हा दिसत नाही आणि दुप्पट जड पडतो, बुबुळावरची नाजूक कातडी मारतो. ती मरून सोलून निघायला वेळ लागतो, म्हणून आग दुपारी नाही, संध्याकाळी. आणि गॉगल काळा आहे म्हणून हे दाणे अडतातच असं नाही. बाजूनं तर येतातच. डोळे दिपत नव्हते म्हणून आपण आणखी जवळ जाऊन, आणखी वेळ काम केलंत.

बाबा खाली बघत होते. मग त्यांनी विचारलं, "हे पुस्तकात आहे?"

"आहे."

"किती मोठ्या पुस्तकात?"

"आपली मुलगी वाचते त्याच."

"आम्हाला कोणी सांगितलं नाही, सर."

"नाही सांगितलं," सर म्हणाले. सांत्वन केलं नाही, उपदेश केला नाही. उठून आत गेले आणि खूप वेळ आले नाहीत. आम्ही बसून होतो. आतून भांड्याचा आवाज नाही, नळाचा नाही. शेवटी मीच ताट आणि वाटी काढून टेबलावर ठेवली, डबा न उघडता. सर परत आले तेव्हा त्यांनी ते पाहिलं आणि काही म्हटलं नाही.

परतताना बाबा गल्लीच्या तोंडाशी उभे राहिले. म्हणाले, "शेठला मी नाही सांगतो. तू पेपर दे."

धारला जाऊन त्यांनी शेठची माफी मागितली. दुकानातल्या वेल्डरांना त्यांनी अडीचशे आणि पाचशेची गोष्ट सांगितली, माझ्यापेक्षा चांगली सांगितली असं आई म्हणते. त्यांच्यातल्या काहींनी नंतर नीट काचेचा मुखवटा घेतला, काहींनी नाही घेतला.

सर गेल्या थंडीत वारले. मी तेव्हा मनावर नावाच्या गावी होते, निरोप मिळून पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. शोकसभेला मात्र गेले. मोठमोठी माणसं बोलली. ज्ञानाचा दीपस्तंभ, विद्यार्थ्यांचे आधारवड, न भरून येणारी पोकळी. कोणाच्याही सभेत चालेल असं सगळं. मला वाटलं, सर असते तर एव्हाना चपला घालून बाहेर पडले असते. मग खातेगांवकडचा एक शेतकरी उठला, सरांचा जुना विद्यार्थी. तो माळवीत एवढंच म्हणाला की सरांनी मला कधी हुशार म्हटलं नाही आणि कधी ढही म्हटलं नाही, दरवेळी प्रश्नाकडेच बघायला लावलं. आणि खाली बसला. त्या सभेत तेवढंच एक वाक्य सरांबद्दल होतं.

बाबांनी दे म्हटलेला तो सप्लीमेंट्रीचा पेपर इंदूरला होता. फोटॉनचा प्रश्न आला, मी तो येणार हे धरूनच गेले होते. मन आपोआप एच सी भागिले लॅम्डा म्हणू लागलं, इतके दिवस तेच घोटलं होतं ना. शेजारच्या बाकावरची मुलगी तोंडावर हात धरून कुजबुजली, "एच सी बटा लॅम्डा ना?" मी पेन खाली ठेवलं आणि प्रश्न मनातल्या मनात मराठीत सांगितला. या वेळी पेपर काढणाऱ्यानं फ्रिक्वेन्सी दिली होती. तरंगदैर्ध्याचा पत्ताच नव्हता. तेव्हा दार दुसरं. मी एच न्यू लिहिलं, ज्या सूत्रानं मला नापास केलं होतं तेच, आणि या वेळी ते बरोबर होतं.

रिझल्ट मोबाइलवर पाहिला आणि तशीच, पिठाच्या हातांनी, सरांकडे धावत गेले. त्यांनी बसायला सांगितलं. कुठला प्रश्न होता, काय दिलं होतं, मी काय केलं, सगळं पहिल्यापासून सांगायला लावलं. डोळे मिटून ऐकलं. मग विचारलं,

"तीर्थरूपांना कळवलंत?"

म्हटलं, नाही, आधी तुमच्याकडे आले.

त्यांचा चेहरा कडक झाला. "आधी माझ्याकडे का आलात? फोन लावा. इथं नको, बाहेर ओट्यावर जाऊन लावा."

बाबा दुकानात होते. मागं फाटक घासायचा आवाज येत होता. त्यांना पहिल्यांदा नीट ऐकू आलं नाही. ते बाजूला गेले आणि म्हणाले, आता बोल. मी सांगितलं की मी पास झाले. ते म्हणाले, पूरा बोल. मी पूर्ण सांगितलं. बी.एस्सी. झाले, बाबा. आपल्या घरातली पहिली.